जिभेचे वळण

बँकेत मी एकोणचाळीस वर्षे काढली. त्यातली पहिली पाच वर्षे, ज्या शब्दांवर माझे पोट चालत होते तेच शब्द मी चुकीचे उच्चारत होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कर्जाला मी 'डेब्ट' म्हणे, पावतीला 'रिसिप्ट' आणि गहाणाला 'मॉर्टगेज'. शाखेतले बहुतेक सहकारी तसेच म्हणत. कर्जे मंजूर होत होती, पावत्या फाडल्या जात होत्या, गहाणखते नोंदवली जात होती. उच्चारावाचून कुणाचे काही अडत नव्हते.

१९८६ साली एका प्रशिक्षणासाठी मला मोठ्या शहरात पाठवले. तिथे प्रत्येकाने आपल्या शाखेतल्या कामावर दहा मिनिटे इंग्रजीतून बोलायचे होते. माझा विषय होता शेतीकर्ज. निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला त्या विषयावर दहा मिनिटे काय, दहा तास बोलता आले असते. मी उभा राहिलो आणि दुसऱ्याच मिनिटाला 'मॉर्टगेज डेब्ट' ही जोडगोळी तोंडातून बाहेर पडली. मागून कुणीतरी फिसकन हसले. शिकवणाऱ्या गृहस्थांनी मला थांबवले. माझे दोन्ही शब्द त्यांनी माझ्याच सुरात, सावकाश, पुन्हा म्हणून दाखवले. मग सगळा वर्ग हसला. बरोबर उच्चार कोणता, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. उरलेले भाषण मी दोन मिनिटांत गुंडाळले. पुढचे दहा दिवस वर्गात तोंड उघडले नाही. त्याच वर्षी परकीय चलनाच्या विभागासाठी अर्ज मागवले होते. मी अर्ज केला नाही. साहेबांनी कारण विचारले तेव्हा 'आईची तब्येत बरी नसते' असे सांगितले. आई ठणठणीत होती.

इतकी जुनी गोष्ट आज सांगायचे कारण वेगळे आहे. आमच्या कॉलनीत एक तरुण राहतो. पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये तो कामाला आहे. मराठी शाळेत शिकलेला, कृषी पदवीधर, कामाला चोख. गेल्या हंगामात युरोपातल्या खरेदीदाराशी फोनवर बोलताना त्याने 'थर्टीन' पॅलेट म्हटले आणि पलीकडच्याने 'थर्टी' ऐकले. तेराचे तीस झाले. लेखी निरोप आला तेव्हा घोळ लक्षात आला आणि निस्तरलाही. नुकसान झाले नाही. पण त्या दिवसापासून परदेशातला फोन आला की तो दुसऱ्या मुलाकडे दिला जातो. एका रविवारी सकाळी हा माझ्याकडे येऊन बसला. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, "काका, मी तेराच म्हणालो होतो. तुम्हाला शपथेवर सांगतो. मराठी शाळेत शिकलो, हीच चूक झाली का?"

त्याची मुलगी तीन वर्षांची आहे. तिला कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न त्या प्रश्नाच्या पोटात होता.

एका वाक्यात देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग पुढचे चार रविवार आम्ही दोघे बसलो. जे बोललो आणि करून पाहिले, त्यातले काही इथे मांडतो. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. नाशिकमधल्या निम्म्या घरांत तो जून जवळ आला की जेवणाच्या ताटावर येऊन बसतो.

मी त्याला आधी विचारले, "इंग्रजी पाठ कसे केलेस?" त्याला हसू आले, कारण आम्हा दोघांचे उत्तर एकच होते. तो माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. पण 'बी यू टी बट, पी यू टी पुट' दोघांनीही एकाच चालीत घोकलेले. स्पेलिंग चुकू नये म्हणून शब्द फोडून म्हणायचा. बुधवार म्हणजे 'वेड-नेस-डे', सुरी म्हणजे 'क्नाइफ', ज्ञान म्हणजे 'क्नो-लेड-गे', जीभ म्हणजे 'टोन-गु-ए'. छडी स्पेलिंगसाठी होती, उच्चारासाठी नव्हती. म्हणजे आम्हाला उच्चार शिकवला गेला नाही असे म्हणणेही अपुरे आहे. चुकीचा उच्चार आम्ही निष्ठेने, घोकून घोकून शिकलो. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जसे शिकवले गेले तसे त्यांनी शिकवले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. तिने जे शिकवायचे ते चोख शिकवले. पण ती भाषांतराची पाठमाला होती, हे तिच्या नावातच आहे. उच्चाराची पाठमाला आपल्याकडे घरोघर कधी गेलीच नाही.

इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचे का पटत नाही, याला इतिहास आहे. कॅक्सटनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला तो १४७६ साली. त्यानंतर हळूहळू स्पेलिंग गोठत गेले. पण साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर आपल्या जागेवरून सरकत होते. छापलेले मागे राहिले आणि बोललेले पुढे गेले. 'नाइफ'मधला 'के' एके काळी खरोखरच उच्चारला जात असे. आज तो दारावर पाटी ठेवून घर सोडून गेलेल्या भाडेकरूसारखा आहे. आणि ज्या 'बी'ने माझी भर वर्गात शोभा केली, त्याची कथा तर आणखी गमतीची आहे. कर्जाचा हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच. पुढे विद्वानांना वाटले, शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे, तिथे 'बी' आहे, तर तो दिसायला हवा. म्हणून त्यांनी तो लिहिण्यात घुसवला. बोलणाऱ्यांनी त्याला कधी दाद दिली नाही. पावतीच्या शब्दातल्या 'पी'चेही तसेच. मुद्दलात नसलेले हे व्याज, आणि ते फेडत बसलो आम्ही निफाड तालुक्यातले!

"पण काका, मराठीत असलं काही नाही. आपण लिहितो तसंच बोलतो," तो म्हणाला. ही आपली सगळ्यांचीच लाडकी समजूत आहे. मी त्याला 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द म्हणायला लावले. एक मोजण्यातला, एक गुरांपुढे टाकायचा. अक्षर एकच, पण पहिल्या 'च'ला जीभ टाळूला टेकते आणि दुसऱ्याला दातांच्या मुळाशी. यासाठी लिपीत वेगळे अक्षर नाही, तरी मराठी आईचे एकही मूल यात चुकत नाही. 'घर' लिहिताना 'र' पूर्ण असतो, म्हणताना त्याचा पाय मोडतो. 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो. 'ज्ञान'मधले 'ज' आणि 'ञ' आता केवळ कागदावर आहेत, तोंडात 'द', 'न' आणि 'य' आहेत. लिहिणे आणि बोलणे यांच्यातली फट मराठीतही आहे. ती जाणवत नाही, कारण मराठी आपण आईच्या मांडीवर कानाने शिकलो. इंग्रजी आपण डोळ्यांनी शिकलो. दुखणे एवढेच आहे, आणि त्याला औषध आहे.

इंग्रजीत अक्षरे २६. पण दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात ध्वनी मोजतात ४४. त्यात व्यंजने २४ आणि स्वर २०. स्वरांसाठी अक्षरे मात्र पाचच. म्हणजे एकेकीला चार-चार घरची कामे. घोटाळा होणारच. म्हणून शब्दकोशात शब्दापुढे निराळ्या खुणांनी उच्चार दिलेला असतो. आपण ती जागा डोळे झाकून ओलांडतो. या खुणा घडवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली, आणि ती काढण्यात पुढाकार भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचा होता. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारांचा कोश निघाला १९१७ साली. प्रशिक्षणाहून परतल्यावर त्याची एक जुनी प्रत मी रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगातून घेतली आणि सर्वांत आधी 'डी'चे पान काढले. त्या शब्दापुढे तीनच ध्वनी दिले होते. 'डेट'. 'बी' मुका! पुढे १९८१ साली निघालेले टी. बालसुब्रह्मण्यन यांचे भारतीय विद्यार्थ्यांसाठीचे इंग्रजी ध्वनिशास्त्राचे पुस्तक मिळाले, आणि रात्री आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लावून मी एकेक शब्द तपासू लागलो.

त्या पुस्तकांतले तक्ते पाहताना मला ओळखीचा चेहरा दिसला. ओठांचे ध्वनी एका रांगेत, दातांचे दुसऱ्या, टाळूचे तिसऱ्या. घशात कंप असलेले आणि नसलेले शेजारी शेजारी. ही तर आपली वर्णमाला! कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. कठोर आणि मृदू, अल्पप्राण आणि महाप्राण. व्याकरणाच्या पुस्तकात दोन गुणांसाठी पाठ करून परीक्षेनंतर विसरून गेलेला तो धडा. आपल्याकडे शिक्षा नावाचे एक वेदांगच उच्चारासाठी होते. प्रातिशाख्ये लिहिणाऱ्यांनी जीभ कुठे लागते आणि श्वास कसा सुटतो याचा बारकाईने हिशेब ठेवला होता. एकोणिसाव्या शतकात हे ग्रंथ युरोपातल्या अभ्यासकांच्या हाती लागले आणि तिथल्या ध्वनिशास्त्राच्या उभारणीला त्यांचा मोठा हातभार लागला. डब्ल्यू. एस. ॲलन या इंग्रज अभ्यासकाने प्राचीन भारतातल्या ध्वनिशास्त्रावर १९५३ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. म्हणजे इंग्रजी उच्चार शिकायला लागणारी हत्यारे आपल्या माळ्यावर पडून आहेत. ती काढून घासायची, इतकेच.

तर आम्ही ती काढली. साहित्य म्हणून एक हातातला आरसा आणि कागदाची पट्टी. वाचकांनीही घरी करून पाहावे, मुलांना गंमत वाटेल.

नाकापासून सुरुवात करू. नाशिककराने तरी नाक विसरू नये. शूर्पणखेच्या कथेमुळे ते आपल्या गावाच्या नावातच येऊन बसले आहे. वर्णमालेतला 'ङ' आपल्याला 'वाङ्मय' या शब्दापुरताच भेटतो. इंग्रजीत तो जागोजागी आहे. 'किंग', 'साँग', 'सिंगिंग' हे शब्द म्हणताना आपण शेवटी ठसठशीत 'ग' लावतो. तो तिथे नाही. फक्त 'ङ' म्हणायचा आणि नाकातच सोडून द्यायचा. गाणाऱ्याच्या 'सिंगर'मध्ये 'ग' नाही आणि बोटाच्या 'फिंगर'मध्ये आहे, हे कळले की कान तयार होऊ लागला असे समजावे.

आता कागदाची पट्टी ओठांसमोर धरा आणि आपला 'पिन' म्हणा. पट्टी हलत नाही. इंग्रज माणूस तोच शब्द म्हणतो तेव्हा पट्टी फडफडते. इंग्रजीत आघात असलेल्या शब्दाच्या सुरुवातीचे 'पी', 'टी' आणि 'के' महाप्राणाकडे झुकतात. आपला कोरडा 'प' त्याच्या कानाला 'ब'सारखा वाटू शकतो. ज्या भाषेत 'पळ' आणि 'फळ' वेगळे आहेत त्या भाषेतल्या मुलाला हे समजावायला एक मिनिट पुरते.

गळ्यावर हात ठेवा आणि 'स' लांबवा. मग तोच लांबवत गळ्यात कंप आणा. सापाचा भुंगा होतो. हा इंग्रजीतला 'झेड'. आपल्या 'झाडा'तल्या 'झ'मध्ये जीभ आधी अडते आणि मग सुटते. यात ती अडतच नाही.

भूतकाळी रूपे तर आपल्या संधीच्या नियमांनी सुटतात. शाळेत आम्ही 'वर्केड', 'कॉलेड' म्हणत असू. नियम सोपा आहे. आधी कठोर ध्वनी असेल तर शेवटी 'ट' म्हणजे 'वर्क्ट'. मृदू ध्वनी किंवा स्वर असेल तर 'ड' म्हणजे 'कॉल्ड'. आणि आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तरच 'इड' म्हणजे 'वाँटिड'. कठोराजवळ कठोर, मृदूजवळ मृदू. 'जगत्' आणि 'ईश' मिळून 'जगदीश' का होतो हे ज्याने शिकले, त्याला हे परके का वाटावे?

आणि नाशिकला लागू पडणारी एक जोडी. द्राक्षाची वेल आणि द्राक्षाची दारू. इंग्रजीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखे, फरक पहिल्या ध्वनीचा. आपण दोन्हींना 'वाइन' म्हणून मोकळे होतो. वेलीच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. दारूच्या शब्दात दातांचा संबंध नाही, ओठांचा चंबू होतो. मराठीने 'व्हॅन', 'व्होट' असे लिहून तोडगा काढला खरा, पण त्यात नसलेला 'ह' आत घुसला. आरशात पाहून दहा वेळा वेल आणि दहा वेळा दारू म्हणावी. म्हणण्यात दोष नाही.

हे सगळे करूनही तेरा आणि तीस यांचे भांडण मिटले नव्हते. ते मिटवायला मला वेदकाळातली गोष्ट सांगावी लागली. त्वष्ट्याला इंद्राचा सूड घ्यायचा होता. त्याने यज्ञ मांडला आणि इंद्राला मारणारा पुत्र वाढो असा मंत्र म्हटला. शब्द बरोबर होता. पण स्वराघात चुकला. 'इंद्राला मारणारा' ऐवजी 'इंद्र ज्याला मारणारा' असा अर्थ झाला. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. उच्चाराच्या आपल्या परंपरेत ही कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळेतली मुले स्वरांबरोबर हात खालीवर करताना दिसतात, त्यामागेही तीच काळजी आहे.

इंग्रजीत आज असाच खेळ चालतो. मराठीत आपण शब्दाच्या सगळ्या तुकड्यांना साधारण सारखे माप घालतो. इंग्रजी एका तुकड्यावर भार टाकते आणि बाकीचे घाईत उरकते. 'रेकॉर्ड'मध्ये भार पुढे असेल तर ती नोंद, मागे गेला आणि 'रिकॉर्ड' झाले तर नोंद करणे. 'फोटोग्राफ'मध्ये भार 'फो'वर. तेच छायाचित्रकार म्हणताना तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फो'चा जेमतेम 'फ' उरतो. भार नसलेल्या तुकड्यांत बहुतेक वेळा एक पुसट 'अ' येतो. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरला जाणारा हा स्वर, पण त्याला स्वतःचे अक्षर नाही. कोशात तो उलट्या 'ई'ने दाखवतात. आपल्याकडे तो वर्णमालेत पहिल्या क्रमांकावर बसला आहे.

हैदराबादच्या इंग्रजी भाषेच्या केंद्रीय संस्थेतले प्रा. आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत समजते याचा अभ्यास केला होता. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या कारणांत भलत्या तुकड्यावर पडणारा आघात हे एक मोठे कारण निघाले. आमच्या तरुणाचे नेमके तेच झाले होते. तेराचा शब्द एकटा उभा असतो तेव्हा त्याचा भार मागच्या 'टीन'वर असतो, 'ई' लांब असते आणि शेवटचा 'न' स्पष्ट. तीसमध्ये भार पुढे 'थर'वर आणि 'टी' आखूड. याने भार पुढे टाकला, 'ई' आखडली आणि 'न' गिळला. फोनवर उरले ते तीसच. बिचाऱ्या खरेदीदाराचा कान चांगला होता.

मी त्याला बँकेतली एक सवयही सांगितली. चेकवर आपण रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितो. फोनवरही तसेच करावे. आकडा सांगून लगेच 'वन, थ्री' असे सुटे सांगावे. यात कमीपणा नाही, व्यवहार आहे.

आता कुणी विचारील, हा सगळा खटाटोप इंग्रजासारखे बोलण्यासाठी? मुळीच नाही. आणि इंग्रजासारखे म्हणजे कुणासारखे? स्कॉटलंडचा माणूस 'कार'मधला 'र' ठणकावून म्हणतो, लंडनचा तो सोडून देतो, अमेरिकन जीभ मागे वळवून म्हणतो. आपण आपला 'र' म्हणावा, कुणाचे काही अडत नाही. 'थिंक'मधला 'थ' आपला दंत्य राहिला, 'टेबल'मधला 'ट' जरा मूर्धन्य राहिला, तरी माणूस समजून घेतो. त्या मुलाला मी सांगितले, आधी भार सुधार, मग मुकी अक्षरे, मग 'व'ची जोडी. बाकीचे निफाडचे राहू दे. समोरच्याला पहिल्या खेपेस कळावे, एवढेच माप. त्यापुढे उसना सूर लावणे म्हणजे भाड्याचा कोट घालून वरातीत नाचणे.

पण इथवर आल्यावर मला माझ्याच मनातली एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९८६ साली त्या वर्गात मला जे झोंबले, ते पहिल्यांदा झोंबले नव्हते. त्याआधी दहा-अकरा वर्षे, गावाहून नाशिकला कॉलेजात आलो तेव्हा मी 'पानी' म्हणे, 'लोनी' म्हणे. 'ण' माझ्या तोंडात बसत नव्हता. तेव्हाही वर्ग हसला होता, आणि ते हसू मराठी होते. इंग्रजीतल्या 'बी'वरून आपल्याला कुणी हसले की आपला स्वाभिमान दुखावतो. पण 'न' आणि 'ण'वरून आपण आपल्याच माणसाची जात, गाव आणि घर ओळखायला टपलेले असतो. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रचले आणि १९७५ साली भक्ती बर्वे यांनी ते गाजवले. शॉच्या नाटकात भाषा इंग्रजी आणि फूल विकणारी मुलगी लंडनची. पुलंना ते मराठीत आणताना विषय शोधत बसावे लागले नाही. उच्चारावरून माणूस जोखणारे प्राध्यापक आपल्याकडे तयारच होते.

ज्या गावात काळाराम मंदिराच्या दारासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्या गावाला हे समजायला जड जाऊ नये. शुद्ध उच्चार हे आपल्याकडे शास्त्र होते, आणि ते शिकायचा अधिकार ठराविक घरांपुरताच ठेवला होता. ज्यांना शिकूच दिले नाही, त्यांना येत नाही म्हणून हसायचे. इंग्रजीच्या बाबतीत आपण तोच खाक्या पुढे चालवला. वास्तविक उच्चार हा रक्ताचा गुण नव्हे. जीभ, ओठ, दात आणि श्वास यांची ती कसरत आहे. सायकल किंवा टंकलेखन जसे शिकता येते तसा तो शिकता येतो; कुणीतरी शिकवावे मात्र लागते.

महाराष्ट्रात २००० सालच्या जूनपासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याला पाव शतक झाले. त्या वेळी पहिलीत असलेली मुले आज आईबाप झाली आहेत. इंग्रजी लवकर सुरू झाले, पण ते अजून मुख्यतः वहीतले आणि परीक्षेतले इंग्रजी राहिले आहे. माझी सूचना साधी आहे. पाचवीत वर्षाला दहा तास ध्वनींसाठी ठेवावेत आणि ते मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून घ्यावेत. वर्णविचाराचा धडा पाठांतरातून काढून मुलांच्या तोंडात ठेवावा. प्रत्येकाच्या हातात आरसा द्यावा. आज मोबाइलमधला शब्दकोश शब्द बोलून दाखवतो. मला जे आकाशवाणीच्या बातम्यांत शोधावे लागले ते कोणत्याही मुलाला क्षणात ऐकायला मिळते. तेव्हा साधनांची सबब उरलेली नाही. आणि एक नियम वर्गाच्या भिंतीवर लिहावा: चुकणाऱ्याला हसायचे नाही, त्याला बरोबर म्हणून दाखवायचे.

'मग सरळ इंग्रजी माध्यमातच का घालू नये?' असा प्रश्न येईलच. ज्याला घालायचे त्याने घालावे. पण उच्चारासाठी घालत असाल तर त्या शाळेत बाई कशा बोलतात ते आधी ऐकून यावे. माध्यम बदलल्याने जीभ आपोआप वळत नाही. कान आणि सराव यांनी वळते, आणि ते मराठी शाळेतही देता येते. माझी नात इंग्रजी माध्यमात चौथीत आहे. बुधवारचा उच्चार ती माझ्याहून चांगला करते. पण मधल्या 'डी'ला मुका का ठेवायचा हे तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेत तिने मैत्रिणीला 'वेड-नेस-डे'वरून चिडवले, असे तिनेच मला आनंदाने येऊन सांगितले. मी तिला जवळ बसवून १९८६ सालची गोष्ट सांगितली. घरात ती कुणाला सांगितली नव्हती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, पण मग त्या सरांनी तुम्हाला शिकवलं का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

आमच्या तरुणाने मुलीच्या शाळेचे अजून ठरवलेले नाही, आणि मीही त्याला सल्ला दिलेला नाही. तो ज्याचा त्याने घ्यायचा निर्णय आहे. पण मराठी शाळेत शिकलो ही चूक झाली का, या प्रश्नाचे उत्तर मी त्याला चौथ्या रविवारी दिले. चूक तुझी नाही, शाळेच्या भाषेचीही नाही. तुला जे अर्ध्या तासात सांगता आले असते ते तुला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितले नाही, ही चूक आहे. आणि ती तू तुझ्या मुलीच्या बाबतीत कोणत्याही शाळेत सुधारू शकतोस. परवा पॅकहाऊसमधून त्याचा फोन आला. पुढच्या हंगामात परदेशातले फोन मीच घेणार असे त्याने मालकांना सांगितले आहे, आणि ते हो म्हणाले आहेत.

माझ्या त्या न केलेल्या अर्जाची मुदत कधीच संपली. 'बी' मुका आहे, एवढेच त्या दिवशी कुणीतरी सांगायला हवे होते. अर्धे मिनिट लागले असते.